दहावं मशीन

टायपिंगबाईंना चिडायला एरवी कारण लागत नसे. त्या शनिवारी मात्र कारण समोर टेबलावर पडलेलं होतं, आणि ते पत्त्यांच्या जोडाएवढं होतं. हिरवी पातळ पट्टी, तिच्यावर काळे-चंदेरी चौकोन, कडेला चार-पाच खाचा. झाकण नाही, बटण नाही, दिवा म्हणावा तर तांदळाच्या दाण्याएवढा. परीक्षा कार्यालयाचं म्हणणं असं, की हा कॉम्प्युटर आहे, आणि तो बाईंनी दुपारी तीनच्या आत चालू करावा.

"आतली आतडी तेवढी पाठवलीत मेल्यांनी," बाई म्हणाल्या. "बाकीचा कुठाय?"

"बाकीचा हाच," वन्सं म्हणाल्या. "तू आधी चष्मा लाव."

वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण नणंद-भावजयीचा संसार काही मोडला नव्हता. वन्संनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. ऐकलेलं किंवा वाचलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, आणि समोरचा कितीही ओरडला तरी आपला आवाज चढवायचा नाही, ही त्यांची तिथली सवय. बाईंसारख्या माणसाबरोबर एका घरात राहायला दोन्ही गोष्टी उपयोगी पडत.

बाईंचा क्लास दुसऱ्या मजल्यावर, एका लांबट खोलीत होता. पाच-पाच टेबलांच्या दोन रांगा, खिडकीशी बाईंची खुर्ची, भिंतीवर बोटांचा तक्ता. पूर्वी इथे टाईपरायटर खडखडत, आता कॉम्प्युटर होते, पण बाई त्यांनाही मशीनच म्हणत. अशी दहा मशीनं. गुरुवारी संध्याकाळी त्यातलं दहावं जळक्या रबराचा वास सोडून गेलं ते गेलंच. आणि शनिवारी तीनला सरकारी टायपिंगची परीक्षा, उमेदवार दहा.

परीक्षेचा नियम म्हणजे नियम. सगळ्यांना एकच उतारा, एकाच वेळी, प्रत्येकाला स्वतंत्र मशीन. शेजारच्या दुकानातून एखादं उसनं आणावं, तर तेही चालत नव्हतं, कारण परीक्षेचा प्रोग्राम कार्यालयाने मंजूर केलेल्या मशीनवरच उघडायचा. बाईंनी शुक्रवारी सकाळी कार्यालयाच्या इतक्या विनवण्या केल्या, की शेवटी त्यांनी ही हिरवी पट्टी, नखाएवढं एक कार्ड, एक पेनड्राइव्ह आणि अकरा कलमांचा एक कागद पाठवून दिला. कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'सदर संच केंद्रचालकांनी स्वतः कार्यान्वित करून घ्यावा.' म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

शुक्रवारी संध्याकाळी परीक्षकांचा फोन आला. माणूस सज्जन होता, पण कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर. ते म्हणाले, "बाई, समजा दहावं मशीन नाहीच झालं, तर एक नाव वगळावं लागेल. कुणाचं वगळू?"

बाईंनी क्षणभरही विचार न करता बघीचं नाव सांगितलं.

बघी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात शिपाई होती. चौदा वर्षं तिने या टेबलावरच्या फायली त्या टेबलावर नेल्या होत्या, आणि आता तिला फायली नेणारी नव्हे, लिहिणारी व्हायचं होतं. कारकुनाच्या जागेसाठी टायपिंगचं प्रमाणपत्र लागे आणि ते अडतीस पुरी व्हायच्या आत मिळवावं लागे. तिला पुढच्या महिन्यात अडतीस पुरी होत होती. दोनदा ती नापास झाली होती, दोन्ही वेळा अगदी थोडक्यात. आणि कशामुळे, तर बघण्यामुळे. टायपिंगमध्ये नजर समोरच्या कागदावर ठेवायची असते, बोटं आपली आपण अक्षरं शोधतात. बघी मात्र एक अक्षर कागदावर बघायची, मग कळ बघायची, मग ते पडद्यावर उमटलं का ते बघायची. बाईंनी टेबलावर लाकडी पट्टी आपटून बघितली, तिच्या हातांवर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा झाकून बघितला. पुठ्ठ्याखाली मान घालून बघी बघायचीच. म्हणून क्लासमध्ये तिचं नाव बघी पडलं, आणि ते बाईंनीच पाडलं.

फोन ठेवल्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "लवकर सांगितलंस."

"मग काय करू? नऊ जणं पास होणारी आहेत. हिच्यापायी त्यातल्या एकाचं नुकसान करू?"

वन्सं काही बोलल्या नाहीत. बाईंनीही मनाशी ठरवून टाकलं, की उद्या मशीन लागलं की प्रश्नच मिटला. वगळायची वेळच यायची नाही, आणि कुणाला काही कळायचंही कारण नाही.

तेव्हा शनिवारी सकाळी साडेनऊला दोघी त्या पट्टीसमोर बसल्या होत्या त्या अशा. बघी पास होईल असं बाईंना वाटत नव्हतं, हे खरंच. पण तिला दारातूनच परत पाठवायचं, आणि तेही तिची शेवटची संधी असताना, ही गोष्ट सकाळी उठल्यापासून त्यांच्या मनातून जात नव्हती. रात्री जे अगदी सरळ वाटलं होतं ते उजाडल्यावर तसं वाटेना.

"कलम एक," वन्संनी एक्स्चेंजच्या आवाजात सुरुवात केली. "कार्ड खाचेत बसवावे."

खाच सापडायलाच दहा मिनिटं गेली, कारण ती पट्टीच्या पोटाखाली होती. कार्ड आत जाईना. बाईंनी जोर लावला. वन्सं म्हणाल्या, उलटं असेल. बाई म्हणाल्या, उलटं नाही. ते उलटं होतं.

"कलम दोन. पडद्याची तार जोडावी."

त्या तारेसाठी अगदी एकसारख्या दिसणाऱ्या दोन खाचा होत्या. बाईंनी एकीत तार खोचली, वीज दिली. तांदळाच्या दाण्याएवढा दिवा लागला आणि पडदा मात्र काळा तो काळाच राहिला. दहा मिनिटं वाट बघून झाल्यावर वन्संना कागदाच्या मागे बारीक अक्षरांत सापडलं, की पडद्याची तार पहिल्या खाचेत जोडावी, आणि तीही वीज देण्याआधी.

"मग दुसरी खाच कशाला ठेवलीय? शोभेला?" बाईंनी विचारलं. याचं उत्तर कागदावर नव्हतं.

तार बदलली. आता पडद्यावर रंगीत चौकोन आला आणि कोपऱ्यात पिवळ्या विजेचं एक चिन्ह चमकायला लागलं. बाईंना वाटलं, झालं, लागलं मशीन. तेवढ्यात ते बंद पडलं. मग आपोआप चालू झालं. परत विजेचं चिन्ह, परत बंद. असं चार वेळा झालं. वन्सं शांतपणे कागद उलटत होत्या. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हे माझ्याशी खेळतंय का?"

"चार्जर कुठला लावलास?"

"तुमच्या मोबाईलचा."

"कागद म्हणतो, सोबतचाच चार्जर वापरावा. मोबाईलच्या चार्जरने वीज अपुरी पडते."

"सोबत चार्जर नाहीच आहे!"

वन्संनी खोकं हातात घेतलं, हलवलं, तळाचा पुठ्ठा उचकटला आणि त्याखालून चार्जर काढून बाईंच्या पुढ्यात ठेवला. न बोलता माणसाला खजील करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सव्वाअकराला पडदा नीट उजळला. मग काळा झाला. बाईंनी चार्जरकडे हात नेला, तो वन्संनी मनगटालाच धरला. "मध्ये हात घालू नका असं लिहिलंय. पहिल्या वेळी त्याला वेळ लागतो." सहा मिनिटं दोघी त्या काळ्या पडद्यात आपापले चेहरे बघत बसल्या. मग एक निळा पडदा आला आणि त्याने नाव विचारलं.

इथून पुढे दोघींना उत्साह आला, कारण इथून पुढे टायपिंग होतं. बाईंनी बाह्या सारल्या, पाठ ताठ केली, बोटं मधल्या ओळीवर ठेवली. टायपिंगच्या राज्य स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं त्या पहिल्या आल्या होत्या. पस्तीस वर्षांत त्यांनी कळांकडे बघितलं नव्हतं. समोर कागद नसला तर त्या भिंतीकडे बघत.

"सांगा."

वन्संनी नाव सांगितलं, मग पासवर्ड. एक्स्चेंजमध्ये नंबर सांगत तसा, एकेक अक्षर सुटं, ठणठणीत. आठ अक्षरं, मग ती ईमेलमधली 'अ‍ॅट'ची खूण, मग दोन आकडे. वन्संची नजर कागदावर आणि बाईंची भिंतीवर. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटत होते, आणि त्यांच्याखाली काहीही उमटलं असतं तरी बघणारं कुणी नव्हतंच. मशीनने पासवर्ड पुन्हा विचारला. बाईंनी पुन्हा टाकला. मशीनने मान्य केला. मग कलम आठप्रमाणे देश निवडला, कीबोर्ड निवडला, वेळ निवडली. मशीन बंद होऊन चालू झालं आणि त्याने पासवर्ड विचारला.

वन्संनी सांगितला, बाईंनी टाकला.

'चुकीचा पासवर्ड.'

"तुम्ही चुकीचा सांगितलात," बाई म्हणाल्या.

"मी जे लिहिलंय ते वाचलं."

"मग परत वाचा."

परत वाचला. चुकीचा. बाईंनी सावकाश टाकला. चुकीचा. जोरात टाकला, जणू मशीनला कमी ऐकू येत होतं. चुकीचा. मोठ्या अक्षरांची कळ तपासली, कीबोर्ड उपटून दुसरा लावला, तो पुसून घेतला. चौदा वेळा टाकला, आणि चौदाही वेळा त्या यंत्राने अत्यंत थंडपणे सांगितलं, की तुम्ही चुकताय. बाईंच्या हाताखालून सहाशेच्या वर मुलं-माणसं कामाला लागली होती. त्यांना तुम्ही चुकताय असं कुणी सांगून बरीच वर्षं झाली होती.

त्यांनी कार्यालयाच्या मदत कक्षाला फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी खात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कार्ड कोरं करून परत भरा. पेनड्राइव्हवर फाईल आहे. तुमच्या कुठल्याही मशीनवरून होईल."

खिडकीजवळच्या मशीनवर कार्ड परत भरायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत दोघींनी डबा उघडला. वन्संनी जेवण केलं, बाईंनी ते नुसतं चिवडलं. मग कार्ड परत पोटाखाली, परत रंगीत चौकोन, परत काळा पडदा, परत निळा. परत वन्संनी सांगितलं आणि बाईंनी टाकलं, तसंच, भिंतीकडे बघून, एकही बोट न चुकता. पावणेदोनला मशीन बंद होऊन चालू झालं.

'चुकीचा पासवर्ड.'

बाईंनी दोन्ही हात टेबलावर आपटले. पट्टी टुणकन उडाली.

"अगं, तिला नको मारूस."

"मी हिला खिडकीतून खाली टाकणार आहे. वन्सं, तुम्ही बाजूला व्हा."

"टाक. मग परीक्षकांना सांग, दहावा उमेदवार पण त्याच खिडकीतून पाठवते म्हणून."

बाईंनी परत फोन लावला. तोच माणूस, आता खाणं संपलेलं. तो म्हणाला, "मॅडम, कार्डात दोष नाहीये. पासवर्ड नीट टाईप करा."

"काय करा?"

"नीट टाईप करा. सावकाश, एकेक अक्षर. होतं असं, पुष्कळांना टायपिंगची सवय नसते."

बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. वन्संनी हळूच तो त्यांच्या हातातून काढून घेतला, "आभारी आहे, लाईन बंद करते," म्हणाल्या आणि बंद केला. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, कारण हसू दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हसा! हसा तुम्ही! इथे एका बाईचं आयुष्य अडकलंय आणि तुम्ही हसा!"

"नाव तू दिलंस हो," वन्संचं हसू थांबलं. "मी नाही दिलं."

बाईंनी कार्ड तिसऱ्यांदा भरायला लावलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. चाळीस मिनिटं म्हणजे अडीच वाजणार. त्यानंतर चौथा प्रयत्न करायला वेळ नव्हता. आपल्याला नेमकं काय वाटतंय हे त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला विचारलं. त्यांना बघीची भीती वाटत होती. ती दारात उभी राहील, ओळखपत्र पुढे करील, आणि मग तिला सांगावं लागेल, की तू नाहीस. कुणी ठरवलं असं ती विचारणार नाही, ती कधी काही विचारत नाही. ती नुसती बघील.

बघी अडीचच्या आधीच आली. कार्यालयाचा निळा गणवेश, वर धुतलेला स्वेटर, हातात पारदर्शक पिशवीत ओळखपत्र. "लवकर आले, बाई. बोटं गरम करून घेते."

"बोटं गरम करायला मशीन तर पाहिजे," बाई खेकसल्या. "हे बघ तुझं मशीन. दहा नंबर. सकाळपासून आमच्या डोक्यावर मिरे वाटतंय."

बघीने पट्टीकडे बघितलं, मग तारांकडे, मग पडद्याकडे. "एवढंसं?" ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसली. कार्ड भरून झालं होतं. रंगीत चौकोन आला. काळा पडदा आला. निळा आला. वन्संनी कागद उचलला. बाईंनी बोटं मधल्या ओळीवर ठेवली आणि भिंतीकडे बघितलं.

नाव टाकून झालं. वन्संनी पासवर्ड ठणठणीत सांगितला. बाईंनी टाकला.

"बाई," बघी म्हणाली, "नुसते ठिपकेच दिसतायत."

"पासवर्ड ठिपक्यांतच दिसतो. गप्प बस."

"इथे कडेला डोळ्याचं चित्र आहे. दाबू का?"

"कशाला? काही बघायचं कारण नाहीये! पुन्हा तुझं ते..." बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत बघीने माऊस पुढे सरकवून डोळा दाबला होता. ठिपक्यांच्या जागी अक्षरं आली. बघीने कागद बघितला, पडदा बघितला, पुन्हा कागद बघितला.

"इथे दुसरंच उमटलंय. कागदावर अ‍ॅटची खूण आहे. इथे अवतरणचिन्ह आलंय, वरच्या दोन बारीक रेघा."

"शक्यच नाही," बाई म्हणाल्या.

"बघा ना."

बाईंनी बघितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा टायपिंग करता करता त्यांनी मान वळवून बघितलं. त्यांनी खूण पुसली आणि अ‍ॅटची कळ पुन्हा दाबली, या वेळी स्वतःच्या बोटावर नजर ठेवून. कळेवर अ‍ॅट छापलेलं, पडद्यावर अवतरणचिन्ह. तिसऱ्यांदा दाबलं, तरी तेच.

वन्संनी कलमांवरून बोट फिरवलं. "अगं, पासवर्ड कलम सातला आहे आणि कीबोर्ड कलम आठला. तोवर ते यंत्र दुसऱ्याच कुठल्या देशाचा कीबोर्ड धरून बसलंय. त्यांच्याकडे या जागी ती खूण असणार. आपण आठव्या कलमात आपला कीबोर्ड निवडतो, आणि मग..."

"आणि मग बरोबर खूण टाकली की ते म्हणतं चुकीची," बाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे मी दोनदा चुकीचा पासवर्ड ठेवला."

"तुम्ही दाबलंत बरोबरच, बाई," बघी घाईघाईने म्हणाली. "उमटलं दुसरं."

बाईंनी पुढे जाऊन आधी कीबोर्ड निवडला, मग मागे येऊन पासवर्ड टाकला, डोळा उघडा ठेवून. अ‍ॅट उमटलं. मशीन बंद होऊन चालू झालं, पासवर्ड विचारला, घेतला, आणि परीक्षेचा करडा पडदा समोर येऊन उभा राहिला. दोन पंचेचाळीस झाले होते. वन्संनी कागदाची घडी घातली. बाईंना बघीच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण तसा त्यांच्या हाताला सराव नव्हता. त्या म्हणाल्या, "बस. बोटं गरम कर. पाच मिनिटं आहेत."

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण पावणेतीन होऊन गेल्यावर परीक्षक आले, सोबत बाकीचे नऊ उमेदवार आले, आणि परीक्षकांनी यादी उघडून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. नऊ नावं झाली. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"दहावं मशीन झालं का, बाई? वा. मग मी काल खोडलेलं नाव परत घालतो." आणि त्यांनी बघीचं खरं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं खणखणीत वाचलं. "तुम्हीच ना? बाईंनी काल तुमचंच नाव वगळायला सांगितलं होतं. बरं झालं, वेळ आली नाही. इथे सही करा."

त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. नोंद बरोबर करायची म्हणून बोलले.

बघीने सही केली. मग तिने बाईंकडे बघितलं. फार वेळ नाही, एक अक्षर बघावं तेवढाच. आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

क्लासच्या माणसांनी परीक्षेच्या वेळी बाहेर बसायचं असतं. बाई आणि वन्सं पॅसेजमधल्या बाकावर बसल्या. दार लागलं. घंटी झाली आणि आत दहा कीबोर्ड एकदम सुरू झाले. बाईंना दारापलीकडून नुसत्या आवाजावरून माणूस ओळखता येई. उमेदवारांपैकी पहिल्या रांगेतला शिक्षक एकसारखा, कोपऱ्यातली परिचारिका भराभर आणि मग एक उसासा. आणि शेवटच्या टेबलावर चार-पाच अक्षरं, थांबणं. चार-पाच अक्षरं, थांबणं.

"मी तिला विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "निदान सांगायला हवं होतं, की अशी वेळ आलीय."

"हो."

"तुम्ही काल का नाही बोललात?"

"मलाही तीच आठवली, तू म्हणायच्या आधी," वन्सं म्हणाल्या. "म्हणून गप्प बसले."

बाईंना लाज वाटली, आणि ती रागासारखी बाहेर काढून टाकता येत नव्हती, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या.

घंटी झाली. उमेदवार बाहेर आले, आपापल्या चुका मोठमोठ्याने सांगत, जिन्यावरून उतरत गेले. बघी सगळ्यांत शेवटी आली. तिने पिशवीत ओळखपत्र नीट ठेवलं.

"कसं गेलं?" बाईंनी विचारलं.

"एक ओळ राहिली. मागच्या वेळी दोन राहिल्या होत्या. होईल का नाही, माहीत नाही." ती स्वेटरची बटणं लावायला लागली. "मशीन चांगलं होतं. अडलं नाही."

"हे बघ, काल मी जे नाव दिलं..."

"बाई," बघी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "सगळ्या क्लासमध्ये तुम्ही माझ्यावर सगळ्यांत जास्त चिडायचात. पट्टी आपटायचात, पुठ्ठा लावायचात. मला त्याचं वाईट नाही वाटलं कधी. मी घरी सांगायचे, आमच्या बाई माझ्यावरच एवढ्या चिडतात, म्हणजे त्यांना वाटत असणार की हिला जमेल. नाहीतर कशाला कोण जीव तोडून ओरडेल?" तिने शेवटचं बटण लावलं. "चार वाजायच्या आत ऑफिसची कपाटं बंद करायची आहेत. येते मी."

ती जिना उतरायला लागली. बाई बाकाशी उभ्याच राहिल्या. वन्संनी त्यांच्या कोपराला हळूच ढोसलं. बाईंचे गुडघे दुखरे होते, कुणाला निरोप द्यायला त्या कधी खाली जात नसत. त्या कठड्याला धरून एक मजला उतरल्या, आणि मधल्या वळणावर त्यांनी बघीला गाठलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. धाप लागली होती, म्हणून एवढंच म्हणता आलं.

"हो," बघी म्हणाली. तिने ते नाकारलं नाही, आणि बाईंना बरं वाटावं म्हणून काही जोडलंही नाही.

"सोमवारी येशील?"

बघी थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं. "निकाल लागेपर्यंत येईन," ती म्हणाली. "पण बाई, आता तुम्ही चिडलात ना, की मी विचारणार. मला येत नाही म्हणून चिडताय, का येईल म्हणून."

"विचार," बाई म्हणाल्या, आणि कठडा धरून सावकाश वर चढायला लागल्या.